एकट्याचा चाकू

"मिशी पणाला लावतो!" सलूनवाला दुकानाच्या पायरीवरून ओरडला. "या गल्लीतल्या एकानं जरी तुझा हा चाकू घेतला ना, तर भर रस्त्यात उतरव. याच चाकूनं!"

"आणि कुणीच नाही घेतला तर?" चाकूवाल्यानं विचारलं.

"तर रविवारी सकाळी माझ्या खुर्चीवर उभं राहून कोंबड्यासारखं आरवायचं. तीनदा. पोटातून!"

टाळी पडली. इस्त्रीवाली इस्त्री आपटून हसली. सायकलवाला पंक्चर टाकून साक्षीदार झाला. सलूनवाल्याची मिशी म्हणजे काही साधीसुधी मिशी नव्हती. त्या मिशीपायी गल्ली त्याला सरदार म्हणायची.

चाकू होता मात्र गमतीचा. चाकूवाला एरवी हॉटेलांसाठी हातहातभर लांब सुरे घडवायचा, ऑर्डर घेऊन. हा मात्र त्यानं कुणीही न सांगता घडवला होता. पातं चार बोटांचं, मूठ पूर्ण हाताची. पाठ घासून गोल केलेली. मुठीजवळची धार मुद्दाम बोथट केलेली, म्हणजे अंगठा टेकवला तरी कापणार नाही.

"एकट्या माणसासाठी आहे," त्यानं सांगितलं होतं. "एकटा माणूस एका कांद्यासाठी चिरायची फळी काढत नाही. काढली की धुवावी लागते. तो हातावरच चिरतो, सरळ कढईवर धरून."

"एकटा माणूस? इथं?" सरदार म्हणाला होता. "अरे, इथं कुणी शिंकलं तर चार घरांतून 'काढा घे' म्हणून ओरडतात! या गल्लीत एकटा तू. घडवणारा तू, घेणारा तू. जोरात चालेल धंदा!"

सगळे हसले. चाकूवालाही हसला. पण हात पुढे करून पैज त्यानंच पक्की केली. त्याला पैज जिंकायची नव्हती. आपल्यासारखं आणखी कुणी आहे का, एवढंच त्याला बघायचं होतं.

आठवडाभर चाकू दुकानाच्या काचेत पडून राहिला. पोरं बघून गेली. इस्त्रीवाली हातात घेऊन म्हणाली, "गोड आहे हो, भाऊजी. पण आमच्याकडे एका वेळेला टोपलीभर कांदा लागतो. याच्यानं चिरायला बसले तर सुनेच्या पोराचं लग्न होईल." आणि तिनं तो परत ठेवला.

शनिवारी दिवेलागणीला दुकानाचं मागचं दार वाजलं. सरदार उभा होता. तोंडात एक शब्द नाही. हे म्हणजे भोंग्यानं कुजबुजण्यासारखंच होतं.

"दाखव जरा," तो म्हणाला.

चाकूवाल्यानं चाकू दिला आणि टोपलीतला एक टोमॅटो. सरदारनं फळी मागितली नाही. टोमॅटो डाव्या तळव्यावर घेतला, अंगठा टेकवला आणि हातातल्या हातात झरझर फोडी केल्या. अगदी सवयीनं. त्या अंगठ्यावर पट्ट्यांवर पट्ट्या होत्या. ज्याच्या हातून आजवर एकाही गिऱ्हाइकाला ओरखडा आला नव्हता, त्याचा अंगठा.

"वहिनी?" चाकूवाल्यानं विचारलं.

"गेली. महिना झाला. भांडीकुंडी, विळी, सगळं घेऊन." सरदार चाकू पुसत राहिला. "मी सगळ्यांना सांगतो, बहिणीकडे गेलीय. बोलू नकोस कुणाला."

पैजेचं नाव दोघांनीही काढलं नाही. सरदारनं चाकू सदऱ्याखाली घातला आणि मागच्या मागं निघून गेला. चाकूवाल्यानं काचेतल्या त्या रिकाम्या जागी तसाच, स्वतःच्या वापरातला चाकू ठेवला.

रविवारी सकाळी अख्खी गल्ली सलूनपुढे जमली. खुर्ची रस्त्यावर आली. "खपला का?" सायकलवाल्यानं विचारलं.

सरदार जमिनीकडे बघत होता.

"नाही," चाकूवाला म्हणाला. "एकही नाही."

तो खुर्चीवर चढला. आयुष्यात चारचौघांत मोठ्यानं बोललेला माणूस नव्हता तो. डोळे मिटले आणि आरवला. आवाज फाटला. पोरं लोळली. "पोटातून!" कुणीतरी ओरडलं. तो पुन्हा आरवला. आवाज आणखी फाटला.

"बास!" सरदार म्हणाला. "उतर खाली."

"अजून एकदा राहिलंय."

"उतर म्हणतो ना!" त्यानं चाकूवाल्याला दंड धरून उतरवलं, स्वतः खुर्चीत बसला आणि सदऱ्याखालून चाकू काढून त्याच्या हातात दिला. "हा खपलाय. काल. मी घेतलाय. उतरव मिशी."

"गप ना," चाकूवाला पुटपुटला. "सगळ्यांना कळेल."

"कळू दे." सरदारनं मान वर केली. "ती सोडून गेली मला. बहिणीकडे नाही, कुठंही नाही. एकटा आहे मी. झालं?"

सायकलवाल्यानं इस्त्रीवालीकडे बघितलं. मग इस्त्रीवाली हळूच म्हणाली, "माहीत आहे हो, भाऊजी."

"कधीपासून?"

"टेम्पोत भांडी चढवायला मीच तर होते."

"आणि आम्हाला आमच्या गालांनी सांगितलं," सायकलवाला म्हणाला. "महिनाभर दाढी करून घरी गेलं की बायको विचारते, 'कांदा खाऊन आलात की लावून?' सरदार, वस्तऱ्यानं भाजी चिरायची तर निदान धुवून तरी घ्यावा!"

हसण्याचा असा भडका उडाला की सरदारही खुर्चीत गदगदून हसायला लागला. डोळ्यांतून पाणी आलं, ते त्यानं पुसलंही नाही. एकानं त्याच्या गळ्यात टॉवेल अडकवला, दुसरा तोंडाला फेस लावायला लागला. जो तो आपापल्या गालाची गोष्ट सांगायला लागला.

चाकूवाल्यानं सरदारची हनुवटी धरली, पातं मिशीला टेकवलं आणि एका हातासरशी अर्धी मिशी उतरवली. मग तो खाली वाकला.

"हे कांद्याचं काय प्रकरण?" त्यानं सरदारच्या कानात विचारलं. चाकूवाला स्वतः दाढी घरीच करायचा.