सुतातली गाठ

वीज कचेरीतल्या पहिल्या संगणकाने पाहुण्यांदेखत साहेबांनी टाकलेला आकडा परत फेकला: ‘चूक. पुन्हा टाका.’ जुन्या टाइपरायटरवर एकचा आकडा नसायचा. त्या सवयीने साहेबांनी एकच्या जागी इंग्रजी छोटा एल दाबला होता. “बाई, ही तपासणी आत्ता काढून टाका! माझ्यावर भरोसा नाही?” प्रोग्रॅम लिहिणाऱ्या कुसुमावतीला बापाची बोटं आठवली. उमरेडचा विणकर बाप ओळखीच्या व्यापाऱ्याचंही सूत बोटांतून काढल्याशिवाय मागावर चढवत नसे. व्यापारी रुसला की बाप म्हणे, “भरोसा तुमच्यावर हाये जी, सुतावर नाही. एक गाठ आत गेली तं अख्खं लुगडं नासते.” ती बापाच्याच बोलीत म्हणाली, “सायेब, मंत्री येवो का माहा बाप, तपासल्याबिगर आत काही जाणार नाही. काढाचं असन तं मले काढा.” साहेबांचं बोट कळफलकावर घुटमळलं. तिने वरच्या ओळीतला एकचा आकडा दाखवला. “पुन्हा टाका.”