पाण्याची रेघ

कधी न येणारा पूर सलग तिसऱ्या वर्षी येऊन गेल्यावर रंगाऱ्याने आपल्या घराच्या भिंतीवरची पाण्याची मातकट रेघ रंगाचे दोन हात मारून बुजवली. लेकीची झोप उडाली. रोज भिंतीला पाठ लावून ती डोक्यावरच्या रेघेपर्यंत पोचायला किती वाढायचं ते बघायची; आता कळणार कसं? ढग दिसताच माळ्यावर चढून बसायची, जेवायलाही उतरायची नाही. “पोरीने धसका घेतलाय, काहीतरी करा,” बायको म्हणाली. रंगाऱ्याने मुद्दाम बरीच खाली नवी रेघ मारली. “पाणी इथवरच आलेलं.” लेकीने पाठ लावली. रेघ छातीशी आली. ती हसली, पोटभर जेवली. आज दुपारी पुराचा भोंगा वाजला. सामान माळ्यावर चढवून त्याने वळून पाहिलं. पाणी उंबरठा ओलांडत होतं. लेक भिंतीला पाठ लावून शांत उभी होती. “बाबा, तू जा वर. मला छातीपर्यंतच येतं.”