चार सुपाऱ्या

"आमच्या बायका दिवसभर अडकवून ठेवणार, तर मासे कोण साफ करणार?" हितोलोने विचारलं आणि सभेतले पुरुष हसले.

"एक दिवस तुम्ही करा की, भाऊ," रेजिना म्हणाली. आता बायका हसल्या.

बाळंतपणात बायका मरू नयेत म्हणून या किनाऱ्यावर योजना यायची होती. त्याआधी आज काय स्थिती आहे ते घरोघर विचारून लिहून ठेवायचं, हे रेजिनाचं काम. ती सिंबूच्या डोंगरातली. समुद्राची तिला सवय नव्हती, पण कुरकुरणाऱ्या नवऱ्यांची होती. "मूल लांबवायला जी काही वापरत नाही, तिचं दहा मिनिटांत आटोपतं," तिने समजावलं. "वापरत असेल तिलाच काय ती पुढची पानं."

"दहा मिनिटं म्हणजे एक सुपारी चघळून होते," हितोलो म्हणाला. "मग आमच्या गावाचं दुपारपर्यंत उरकेल."

छातीपर्यंत दाढी, चुना-सुपारीने लाल झालेलं तोंड आणि जिभेला हाड नाही, असा हा गडी. पण त्याच्या शब्दावर सगळ्या गावाने मान डोलावली, म्हणून रेजिनाला तो आवडला.

दुसऱ्या दिवशी तिने विलायती फणसाच्या झाडाखाली चटई टाकली. मागच्या गावात एका सासूने भिंतीआडून सुनेची उत्तरं ऐकली होती आणि नंतर सुनेची नको ती शोभा झाली होती. तेव्हापासून रेजिना घरात बसतच नसे. इथे लाटांच्या आवाजात चार हातांवरचं ऐकू येत नव्हतं. पुरुषांना तिने लांब, होड्यांच्या छपराखाली बसवलं.

"बघा खुशाल," ती त्यांना म्हणाली. "फक्त ऐकायला यायचं नाही."

"बायकांचं ऐकायला कोण बसलंय इथे?" हितोलो म्हणाला. पुरुषांनी सुपाऱ्या सोलायला घेतल्या.

बायका एकामागून एक आल्या. नाही, काही वापरत नाही. नाही, कधीच नाही. साबणाची वडी घेऊन त्या उठून जात होत्या. सातवी आली ती हितोलोची बायको, गेउआ. ती छपराकडे पाठ करून बसली.

"नवऱ्याला कळेल?"

"माझ्या तोंडून माझ्या आईलाही कळणार नाही," रेजिना म्हणाली. "कागदावर तुझं नावसुद्धा नाही. नुसता आकडा आहे."

गेउआने बराच वेळ वाळूत बोट फिरवलं. मग डाव्या दंडाची आतली बाजू हलकेच दाबून दाखवली. कातडीखाली दोन बारीक काड्या होत्या, मूल राहू नये म्हणून बसवतात त्या. शहरात बहिणीकडे गेली तेव्हा बसवून घेतल्या होत्या.

"सहाव्या खेपेला रक्त थांबेना. नर्स म्हणाली, सातवं तुला घेऊनच जाईल."

"त्याला सांगून बघितलंस?"

"मागच्या वर्षी सासरे गेले. त्यांचं नाव ठेवायला त्याला आणखी एक मुलगा हवाय." तिचा आवाज अगदी सपाट होता. "नदीपलीकडे एकाने बायकोच्या दंडातल्या काड्या स्वतःच काढल्या. मासा चिरतात तसा दंड चिरून. तिचा तो हात आता उचलत नाही. हितोलो घरी येऊन म्हणाला, गड्याने बरोबर केलं."

रेजिनाला भरून आलं. पण रडून हिचा काय फायदा, असंही वाटलं. सकाळपासून मनातलं बोलणारी ही एकच. हिचा एकही प्रश्न गाळायचा नाही, असं तिने ठरवलं. कधी बसवल्या, कुणी बसवल्या, पाळीला त्रास होतो का, निर्णय कुणाचा. ती सगळं सावकाश विचारत गेली. मध्ये एकदा ब्लेडने पेन्सिलीला टोकही काढलं.

"माझ्याशी असं कुणी कधी बोललंच नाही," उठताना गेउआ म्हणाली.

दुपारी हितोलो स्वतः शहाळं फोडून घेऊन आला. "दमला असाल, ताई." तिची पिशवी उचलून तो बोटीपर्यंत आला. किनाऱ्यावर मागणाऱ्यांची गर्दी झालीच. कुणाला बॅटरीचे सेल हवे होते, कुणाला गळ. हितोलोने दाढीवरून हात फिरवला.

"एखादं नवं ब्लेड असेल तर द्या. दाढी फार वाढलीय."

सभेपासून त्याने एवढी मदत केली होती. पेन्सिलीसाठी ठेवलेल्या पाकिटातून रेजिनाने एक कोरं ब्लेड काढून दिलं. त्याने ते जपून आपल्या विणलेल्या झोळीत ठेवलं आणि बोट ढकलायला हात लावला.

बोट लाटांपलीकडे गेली तसा बोटवाला आरुआ गालातल्या गालात हसायला लागला. तोही दिवसभर छपराखालीच बसला होता.

"आज हितोलोची जिरली."

"का रे?"

"पैज लागली होती. कुणाची बायको किती सुपाऱ्या बसते. सगळ्यांच्या एकेका सुपारीत उठल्या आणि गेउआ बसली चार. पोरांनी त्याला पुढची पानं, पुढची पानं म्हणून सळो की पळो केलं. आधी हसत होता. मग एकदम गप्प झाला."

रेजिना म्हणाली, "बोट वळव."

"ओहोटी लागलीय, ताई. आत्ता गेलो तर वाळूत रुतू. आता उद्या सकाळी."

तिने मागे वळून पाहिलं. किनाऱ्यावर कुणी नव्हतं.

"तो चिडलेला नव्हता," ती म्हणाली. आरुआला की स्वतःला, तिचं तिलाच कळेना. "शहाळं दिलं मला. जाताना हसत होता. दाढी करायला ब्लेडसुद्धा मागून घेतलं."

आरुआचं हसू थांबलं.

"दाढी करायला?" तो म्हणाला. "ती बापाच्या सुतकाची दाढी आहे, ताई. पुढच्या वर्षी सुतकाचं जेवण होईपर्यंत तिला पातं लावायचं नसतं."