गप्प किटली

‘“मी काहीच पाहिलं नाही,” टपालमास्तर म्हणाला,’ बायकोनं वाचलं.

आंधळ्या घड्याळजीचा कप ओठांशीच थांबला. ‘अगं, टपालमास्तर तर पहिल्याच प्रकरणात मेला ना? त्याच्याच खुनाचा तपास चाललाय की!’

बायको जराशी अडखळली. पान उलटल्याचा आवाज आला. ‘भूत आहे ते त्याचं. जादूची गोष्ट आहे ना? आणि तुम्ही मध्ये मध्ये तोंड घालू नका बघू.’

घड्याळजी हसला. खुनाच्या असल्या गोष्टींवर त्याचा भारी जीव. गाव लहानसं, खून आटोपशीर, रक्ताचा थेंब नाही. छडा लावणारी कोण, तर बेकरी चालवणारी एक म्हातारी, थोडीफार जादू जाणणारी. तिच्या शेगडीवरची किटली कुणी खोटं बोललं की शिट्टी मारायची. माणूस मरतो तरी गावात कुणाचा चहा चुकत नाही, हे त्याला फार आवडायचं. दृष्टी गेली तसं दुकान गेलं, हत्यारं गेली. उरली ती संध्याकाळची एवढीच चैन. दूरच्या शहरातली लेक पुस्तकं पाठवायची, बायको वाचायची आणि तो खुनी ओळखायचा. आजही तिन्हीसांजेला तिनं दोघांच्या खुर्च्यांमधल्या दिव्याचं बटण टक्कन दाबलं होतं आणि पुस्तक उघडलं होतं.

फोन वाजला. लेकीचाच होता.

‘बाबा, कुठवर आलं पुस्तक? शिंपीणबाईला कुणी मारलं, ओळखलंत का?’

‘कुणाला?’

‘अहो बाबा, शिंपीणबाई! पहिल्याच पानावर मरते ती.’

घड्याळजीनं फोन कानाशी घट्ट धरला. इतके दिवस तो हे पुस्तक ऐकत होता आणि त्यात शिंपीण औषधालाही नव्हती. कपाबाहेर सांडलेला चहा, साखरेच्या डब्यात गेलेलं मीठ, दाराच्या कडेला आपटलेलं बायकोचं कपाळ, सगळं त्यानं वयावर ढकललं होतं. सुटे भाग जुळवण्यात त्याचा जन्म गेला होता. हे भाग जुळायला वेळ लागला नाही, आणि जुळले तेव्हा ते जुळायला नको होते असं त्याला वाटलं.

‘ओळखलं,’ तो सावकाश म्हणाला. ‘पण तुला नाही सांगणार.’

लेक हसली. मग तिचा आवाज उतरला. ‘आईचे डोळे बरे आहेत ना? खरं सांगा. दादाचं आणि माझं ठरलंय, बाबा. तिलाही दिसेनासं झालं तर तुम्हां दोघांना तिथे एकटं नाही ठेवता येणार. तुम्ही दादाकडे, आई माझ्याकडे. दोघांना एकत्र ठेवण्याएवढी जागा ना त्याच्या घरात, ना माझ्या. माझ्या जिवावर येतं हो, पण दुसरं काय करणार?’

‘तिच्या डोळ्यांना काय धाड भरलीय?’ घड्याळजी जोरात म्हणाला. ‘रोज घडाघडा वाचते. मला ऐकून दम लागतो, तिला वाचून लागत नाही.’

लेकीला बरं वाटलेलं त्याला ऐकू आलं. त्यानं फोन बंद केला आणि मेजावर ठेवायला हात पुढे केला. हाताची मागची बाजू दिव्याच्या काचेवर टणकन आपटली.

काच थंडगार होती.

त्या जुन्या दिव्याला एरवी थोड्या वेळातच बोट लावायची सोय नसे. थंडीच्या दिवसांत तो त्याच्यावर तळहात शेकायचा. म्हणजे बटण दाबलं गेलं होतं, पण दिवा लागलाच नव्हता. त्यातला बल्ब केव्हातरी उडून गेला होता. बाहेर अंधार पडून बराच वेळ झाला असणार. त्या काळोखात ती मांडीवर पुस्तक उघडून बसली होती, पानं उलटत होती, आणि तिला पत्ताही नव्हता. स्वतःच्या अंधाराची त्याला सवय झाली होती, पण तिच्या अंधाराला कुठे हात लावायचा ते त्याला कळेना.

‘हात सांभाळा हो,’ बायको म्हणाली. ‘भाजेल. कधीचा लावलाय दिवा.’

त्यानं हात काचेवर तसाच राहू दिला.

‘हो,’ तो म्हणाला. ‘चांगलाच तापलाय.’

‘काय म्हणत होती?’

‘विचारत होती, पुस्तक कसं वाटतंय.’

‘मग?’ तिचा आवाज एवढासा झाला.

‘म्हटलं, आतापर्यंतच्या सगळ्यांत सरस. काय खोटं आहे त्यात? टपालमास्तर मेल्यावरही बोलतो, असं आधी कुठे होतं?’

बायकोनं श्वास सोडला. खुर्ची करकरली. पान पुन्हा एकदा उलटलं, आणि ती वाचू लागली, आधी हळू, मग नेहमीच्या लयीत.

‘म्हातारीनं टपालमास्तरच्या बायकोला समोर बसवलं. शेगडीवर किटली होती. म्हातारी म्हणाली, “त्या रात्री तुला दिसलं का, दारात कोण होतं ते?” टपालमास्तरची बायको म्हणाली, “दिसलं ना. सगळं अगदी स्वच्छ दिसलं मला.”’

तिथे ती थांबली.

घड्याळजीनं वाट पाहिली. घरात कसलाच आवाज नव्हता. ‘आणि किटली?’ त्यानं विचारलं.

मग एक पान उलटलं. लगेच आणखी एक.

‘गप्प होती,’ बायको म्हणाली.

‘मग दिसलं असेल तिला,’ घड्याळजी म्हणाला. ‘वाच पुढे.’