छापील भाषणाबाहेरचं

सुहैल राज्याचे राजे संसदेच्या पायऱ्या चढू लागले, तिकडे तोफा झडल्या आणि इकडे बहारीनच्या राजधानीत, मनामातल्या रेडिओ केंद्रात उमैमाने हेडफोन कानांवर घट्ट दाबले.

समुद्रापलीकडच्या त्या राज्यात आज संसदेच्या वार्षिक अधिवेशनाचं उद्घाटन होतं. राजे अरबीत बोलणार आणि बहारीनमधल्या भारतीयांसाठी उमैमा ते त्याच क्षणी हिंदीत सांगणार. एरवी असली भाषणं कोण ऐकतं? पण आज टॅक्सीत, सलूनमध्ये, गॅरेजमध्ये सगळीकडे रेडिओ लागले होते. सुहैल आणि त्याच्या शेजारच्या राज्यात कित्येक वर्षं लढाई चालू होती, आणि राजे आज तहाचं काहीतरी बोलणार अशी कुजबुज होती.

उमैमाचा नवरा तौकीर मालवाहू जहाजावर इंजिनिअर होता. सुहैलने अडवून ठेवलेल्या जहाजांत त्याचंही जहाज होतं. दोन ईद त्याने सुहैलच्या बंदरातच, डेकवर काढल्या होत्या.

काचेपलीकडून कैलासने बटण दाबलं. हा साताऱ्याचा, केंद्रात साउंड सांभाळायचा. त्याचा आवाज तिच्या कानात आला, "ताई, जमेल ना? नाहीतर दुसऱ्या कुणाला तरी बसवतो. कोणी काही म्हणणार नाही तुम्हाला."

"दुसऱ्याने सांगितलेलं मी नुसती ऐकत बसू? वेड लागेल मला. दे माईक."

लाल दिवा लागला. समोरच्या टीव्हीवर राजे दिसत होते.

छापील भाषण सकाळीच आलं होतं आणि तिने ते पुन्हा पुन्हा वाचलं होतं. देवाचे आभार, सैन्याचं कौतुक, नवे रस्ते, पाण्याच्या योजना. तहाचा ओझरता उल्लेख होता. जहाजांबद्दल अवाक्षर नव्हतं. राजे बोलू लागले तशी तीही बोलू लागली, पाठ केल्यासारखी.

दुसऱ्या पानावर राजे थांबले. त्यांनी चष्मा काढला आणि कागद मिटून बाजूला ठेवले. उमैमा खुर्चीत ताठ झाली. आता पुढचं काहीच तिच्यापुढे लिहिलेलं नव्हतं.

"दरवर्षी मी इथे उभा राहतो आणि विजय जवळ आला म्हणून सांगतो," उमैमाच्या तोंडून राजे म्हणाले. "यंदा माझ्याच्याने ते सांगवत नाही. शेजारच्या राजांशी मी काल बोललो. ते इकडे येणार नसतील, तर मी त्यांच्या दारी जाईन."

सभागृहात एकच गलका झाला. एक म्हातारा सभासद उठून उभा राहिला आणि ओरडला, "आणि माझी दोन मुलं? ती कशासाठी मेली मग?"

उमैमाने तेही सांगितलं. तिचा आवाज त्याच्याइतकाच चढला होता.

राजे बोलेनात. रेडिओवर नुसती शांतता चालली होती. कैलासने संगीत लावायला हात पुढे केला, तसा तिने काचेतून हात हलवून त्याला थांबवलं.

"मला ठाऊक नाही," राजे शेवटी म्हणाले. "पण तुझा तिसरा मुलगा मी मागणार नाही."

म्हातारा तसाच उभा राहिला. मग त्याने आपल्या पुढच्या बाकावर हात आपटला. एकदा, पुन्हा एकदा. शेजारचा आपटू लागला, त्याच्या मागचा आपटू लागला. हेडफोनमध्ये इतका दणदणाट झाला की उमैमाला राजांचं पुढचं वाक्य जेमतेम ऐकू आलं.

अरबीत क्रियापद आधी येतं. 'मुक्त करत आहोत' एवढंच पहिल्यांदा कानावर पडलं. कोणाला? कैद्यांना? जिंकलेल्या गावांना? हिंदीत वाक्य सुरू करायला ते कळणं भाग होतं.

"...आमच्या बंदरातली सगळी जहाजं, आणि त्यांच्यावरची माणसं. या क्षणापासून."

उमैमाने तोंड उघडलं. हिंदीतला एक शब्द सापडेना.

"सुटली!" ती ओरडली. "सुटली गो! आमची मानसां सुटली! सगली सुटली!"

बहारीनभर हे असंच, तिच्या घरच्या कोकणी बोलीत गेलं. कैलासचा हात आवाज बंद करायच्या बटणावर होता. त्याने ते दाबलं नाही. तो उठून काचेवर दोन्ही तळवे थापटू लागला आणि हसू लागला. मग भानावर येऊन त्याने बोलायचं बटण दाबलं, "ताई, हिंदी! हिंदी! राजे थांबले नाहीत!"

राजांनी चष्मा परत चढवला होता आणि कागद उघडले होते. ते पाण्याच्या योजनांवर आले होते. उमैमाने ओढणीने तोंड पुसलं आणि हिंदी धरली. समुद्राच्या खाऱ्या पाण्याचं गोडं पाणी करणाऱ्या कारखान्यांबद्दल ती इतक्या आनंदाने बोलली, की त्या कारखान्यांबद्दल इतक्या आनंदाने आजवर कोणी बोललं नसेल.

दिवा विझला तेव्हा तिचा फोन थरथरत होता. मनामातल्याच उम्म अल हस्सम भागातल्या फ्लॅटमधून सासूचा, हुस्नाबीचा. दापोलीकडची ही बाई सुनेच्या सोबतीला म्हणून इथे येऊन राहिली होती. फोनमधून मागचा गोंधळ ऐकू येत होता, शेजारणी एकदमच बोलत होत्या, कोणीतरी दार ठोकत होतं.

"अम्मी, ऐकलंत?"

"ऐकला गो." हुस्नाबीला धाप लागली होती. "मना तुजी हिंदी धड कलत नाय. पन शेवटी राजा आपल्या बोलीत बोलला ना, तवा सगला कलला."