वाढत्या अंगाचे लंगोट

“कुणाच्या बाळासाठी?” आईने विचारलं.

लेकीने जुन्या सुती चादरी मशीनवर ठेवल्या. उत्तर आधीच ठरवून ठेवायला हवं होतं, तेच राहून गेलं. लंगोट शिवायचे होते ते आईसाठीच. बाजारातले मोठ्यांचे डायपर आई टराटरा फाडून टाकायची. दुसऱ्याच्या हातचं शिवलेलं तिने जन्मात अंगाला लावलं नव्हतं, ते आता काय लावणार? आणि ‘तुझ्यासाठीच शिव’ म्हटलं असतं तर घर डोक्यावर घेतलं असतं. बाईचं डोकं जागेवर नव्हतं, अब्रू मात्र होती तिथेच होती. इकडे गादी वाळायचं नाव घेत नव्हती आणि आईच्या जांघेत कातडी सोलवटली होती. असंच ओल्यात राहिल्या तर जखमा चिघळतील आणि या वयात त्या आवरायच्या नाहीत, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं होतं.

“माझ्या,” लेक म्हणाली.

तोंडातून निघूनच गेलं. आईने आधी तिच्या तोंडाकडे पाहिलं, मग पोटाकडे. लेक पन्नाशीला टेकलेली, कानामागचे केस पांढरे. पण आईच्या हिशेबात ती अजून तरुणच होती.

“खरंच?”

“हं.”

“अगं बाई. आणि हे मला आत्ता सांगतेस?” आईच्या डोळ्यांत पाणी आलं. “दोनदा हातातोंडाशी येऊन गेलं. या वेळी जपायचं हं. उभी नको राहूस, बस आधी. पाय वर घे.”

लेक बसली. पायही वर घेतले. दुसरं काय करणार?

सकाळी चहा घेतला की नाही हे आईला सांगता येत नव्हतं, पण सुईत दोरा तिने पहिल्याच झटक्यात ओवला. बॉबीन भरली, चादरीची कड दाताने धरून फर्रकन फाडली, गालाला लावून पाहिली.

“मऊ आहे. नवं कापड नको बाळाला. शिवण बाहेरच्या अंगाला घ्यायची, आतून टोचते. बोल, माप काय घेऊ?”

लेकीने खडूने आखून दाखवलं. आई बघतच राहिली.

“हे बाळाचं माप आहे की हत्तीच्या पिल्लाचं?”

“वाढत्या अंगाचे शिव, म्हणून म्हटलं.”

हे मात्र आईला पटलं. गल्लीतल्या पोरांचे फ्रॉक, चड्ड्या, गणवेश तिने आयुष्यभर वाढत्या अंगाचेच शिवले होते. आतली दुमड उसवायची, पुढचं वर्षही निघायचं. तिने कात्री चालवली. मधे जाड पदर घातले, बाजूला नाड्या लावल्या आणि एकेक नाडी ओढून बघितली. शिवता शिवता गप्पा चालूच. डोळे तुझ्यावर जाऊ देत, नाक नको हं, ते तुझ्या बापाचं आहे. लेक हसली. खोटं बोलून इतकं बरं वाटावं, याची तिला लाजही वाटली.

दुपार कलली तशी खुर्चीखाली लघवीचं थारोळं झालं. आईला पत्ताच नव्हता. लेकीने तिला उठवून पलंगावर नेलं, अंग पुसलं, मलम लावलं, गाऊन बदलला आणि वरचाच एक लंगोट उचलला.

आईने तिचं मनगट धरलं.

“ठेव तो.”

“तूच शिवलायस, आई. किती मऊ आहे बघ.”

“बाळाचा आहे तो. माझ्या नातवाच्या वस्तूला हात लावायचा नाही.”

“एकच घेऊ. बाकीचे आहेत की.”

“वेड लागलंय का तुला? मी राहीन ओली. मला काय होतंय?”

लेकीने समजूत घालून पाहिली, रागावून पाहिली. आईने सगळे लंगोट ओढून छातीशी धरले. मलमावर पुन्हा ओल पसरायला लागली. आई विव्हळली, पण हात सोडेना. लेक तिच्या पायाशी बसून राहिली. आईचा चेहरा इतका उजळलेला तिने कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. तिला बोलवेना, आणि गप्प राहून चालणार नव्हतं.

“आई, बाळ नाहीये,” ती म्हणाली.

आईने छातीशी धरलेल्या लंगोटांकडे पाहिलं. मग हलक्या आवाजात म्हणाली, “हेही गेलं?”

खरं काय ते सांगायला लेकीने तोंड उघडलं. पण सांगणार काय? तिने ‘हो’ म्हणून मान हलवली.

आईने मिठी सैल केली. लंगोट एकेक करून चादरीवर ठेवले. लेकीने परत तिला पुसलं, कोरडं केलं, लंगोट नेसवला, नाड्या बांधल्या. आईने मुकाट्याने बांधू दिल्या. माप अगदी बरोबर होतं.

“मला मशीनवर बसव,” आई म्हणाली.

“आता पड जरा. शिवायचं काही राहिलेलं नाही.”

“बसव गं.”

लेकीने तिला धरून बसवलं. आईने पायपट्टीवर पाय ठेवले.

“तू आत जा, दार लाव आणि पोटभर रड. मशीन चालू असली की बाहेर काही ऐकू येत नाही. त्या दोन्ही वेळेलाही तुझं रडणं मी कुणाला ऐकू येऊ दिलं नव्हतं.”

लेक दारात थबकली. आईने चाकाला हात लावून गती दिली आणि पाय मारायला सुरुवात केली. सुईखाली कापड नव्हतं.