बाईंच्या पापण्या

"दुखलं तर सांगा, बाई. हलू मात्र नका."

भूल फक्त पापण्यांना दिली होती. बाई टक्क जाग्या होत्या. शाळेत शिकवायच्या तेव्हापासून त्यांच्या पापण्या अशा लोंबत, की खुर्चीत झोपल्यात असंच वाटे.

त्या पापण्या वर उचलायला टाका घालता घालता डॉक्टर, त्यांचीच जुनी विद्यार्थिनी, हळूच म्हणाली, "सातवीच्या वार्षिकला मी मांडीवर वही ठेवून कॉपी केली होती. तुम्ही समोरच होतात, पण डोळे मिटलेले. अजून मनात खुपतंय."

"मिटलेले कुठे? सगळं दिसत होतं."

"मग पकडलं का नाही?"

"अगं, तुझी आई जाऊन तेरा दिवसही झाले नव्हते. तशात तू पेपरला आली होतीस."

डॉक्टरचे हात थबकले. हातमोजे घातलेले, डोळ्यांना लावता येईनात. बाईंसाठी घेतलेल्या कापसानं सिस्टरनं आधी डॉक्टरचे डोळे टिपले.